भर दुपारी मिटलेली पानं

१

रसिकाला त्या घरात ‘आत ये’ असं कुणीच म्हणालं नव्हतं.

लग्न होऊन ती पुण्याहून परराज्यात, बरकतपुऱ्यात आली, तेव्हा उंबरठ्यावर तांदळाचं माप होतं, ओवाळणं झालं, फोटोवाल्याने माप पुन्हा एकदा भरायला लावून पुन्हा लवंडायला लावलं. मग सगळे एकदम गप्प झाले. सासूबाई, म्हणजे त्रिवेणीबाई, पुढे आल्या, त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला भाजीच्या पिशवीसारखं आत ओढून घेतलं. दोन हिरव्या बांगड्या तिथल्या तिथे फुटल्या.

पुढे तिच्या लक्षात आलं की हा मान तिला एकटीला नव्हता. दारात कुणीही आलं, तरी त्रिवेणीबाई स्वतः बाहेर जात, माणसाचा हात धरत आणि त्याला घेऊन येत. गॅसवाल्याच्या खांद्यावर सिलेंडर असे, म्हणून त्याची नुसती बाही धरत. आत आलेल्या माणसाला मग बसा, पाणी घ्या, चहा घ्या, जेवूनच जा, सगळं असे. फक्त ते एक वाक्य नसे.

“आमच्यात तोंडाने बोलवत नाहीत,” सारंग म्हणाला.

“का?”

“नाही बोलवत, बस. तुमच्या पुण्यात तोंडानेही बोलवत नाहीत आणि हातानेही नाही. त्यापेक्षा बरं ना?”

रसिका हसली. ती मुळात कमी बोलणारी. नव्या घरात तर तिने बोलणं जवळपास मोडीतच काढलं होतं. बघणं मात्र चालू होतं.

मागच्या भिंतीपलीकडे शाहीन आपा राहायची. तिचं अगदी उलट. रसिका कपडे वाळत घालायला मागे गेली, की भिंतीवरून आवाज यायचाच. “अरे दुल्हन, धूप में कायकू ठैरे? आओ अम्मा, अंदर आओ, चाय पीके जाओ!” आपा ओल्या मातीतल्या नळाखाली भांडी घासत बसलेली असायची, आणि तिच्या घरात कायम कुणीतरी आलेलंच असायचं.

२

झाड त्याच भिंतीला लागून होतं. उभ्या माणसाएवढं उंच. पहिले काही दिवस रसिकाने त्यावर चक्क टॉवेल वाळत घातला. मग एका सकाळी टॉवेल उचलताना तिला पानाखाली दडलेला एक तुरा दिसला. तांबूस-गुलाबी, वाटाण्याच्या फुलासारखी, पण तांदळाच्या दाण्याएवढी फुलं. ती तशीच उकिडवी बसली, आणि नाश्त्याचे पोहे गार झाले.

लग्नाआधी ती वनस्पतींचे नमुने जपणाऱ्या एका संग्रहालयात काम करायची. शेंगांच्या कुळातली झुडपं हाच तिचा विषय. हे रानटी निळीच्या गोतातलं होतं एवढं तिला कळत होतं. कुठलं, ते कळत नव्हतं, आणि तेच तिला झोप येऊ देत नव्हतं. तिने फोटो काढून पुण्याला कुसुमताईंना पाठवले. कुसुमताईंच्या हाताखाली ती शिकली होती. त्यांचा लगेच फोन आला.

“हे कुठे मिळालं तुला?”

“सासरी. कपड्यांच्या दोरीखाली.”

“थट्टा करू नकोस. मला वाटतंय ते हे असेल, तर गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. पण शेंग पाहिल्याशिवाय मी नाव घेणार नाही. वाळलेली शेंग हवी, आतलं बी हवं. एकच झाड आहे?”

“एकच.”

“मग जप बाई त्याला.”

अडचण अशी होती की सारंगने गाडी घेतली होती. संक्रांत झाली की मागच्या मोकळ्या जागेत शहाबादी फरशी बसवून गाडीला जागा करायची, गवंडी ठरलेला होता. रसिकाने लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याकडे काहीतरी मागितलं.

“शेंगा वाळेपर्यंत थांब. बी हातात आलं की खुशाल तोड.”

“शेंगांसाठी गाडी रस्त्यावर ठेवू? लोकांच्या बायका हार मागतात.”

“माझं स्वस्तात निभतंय ना?”

“संक्रांतीपर्यंत,” सारंग म्हणाला. “त्यापुढे एक दिवस नाही.”

३

सारंग सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीच्या ऑफिसात जायचा. दुपारी जेवणं झाली की त्रिवेणीबाई पुढच्या खोलीत आडव्या व्हायच्या. त्याआधी मागच्या दाराला आतून कडी घालून यायच्या.

“दुपारचं मागे जाऊ नको. ऊन लागतं.”

दिवाळी उलटून गेली होती. ऊन अगदी माणसात आलेलं होतं. पण रसिका वाद घालणाऱ्यातली नव्हती. तिने ओट्यासमोरच्या खिडकीच्या जाळीतून झाडावर लक्ष ठेवायला सुरुवात केली.

या झाडांची पानं संध्याकाळी मिटतात. देठावर समोरासमोर बसलेल्या पानांच्या जोड्या हात जोडल्यासारख्या मिटून जातात आणि सकाळी उघडतात. त्यात नवल काही नाही. पण त्या दुपारी भांडी विसळताना तिला दिसलं, की झाडाचा मधला भाग मिटलेला आहे. डावीकडची पानं उघडी, उजवीकडची उघडी, मधली मिटलेली.

पाणी कमी पडलं असेल, तिने मनाशी म्हटलं. संध्याकाळी दोन तांबे जास्त घातले. दुसऱ्या दिवशी तेच. मग वाटलं, ऊन फार झालं की काही पानं मिटून घेतात, तसं असेल. पण ऊन काय मधल्याच फांद्यांना लागतं? टाकीची सावली? टाकी पलीकडच्या बाजूला होती. विजेचा खांब गल्लीत होता. आकाश स्वच्छ होतं आणि झाडासमोर काहीही नव्हतं.

तिने एक साधा प्रयोग केला. सकाळीच साडीच्या खोक्याचं झाकण कडेच्या एका फांदीसमोर काठीला बांधून ठेवलं. दुपारी जाळीतून पाहिलं. झाकणाची सावली जिथे पडत होती, तिथली पानं मिटली होती. नेमकी तेवढीच. झाकणाला सरळ कडा होत्या, म्हणून मिटलेल्या पानांचीही चौकोनी खिडकी झाली होती.

म्हणजे ही पानं सावलीने मिटत होती. आपल्या प्रयोगाचा निकाल बरोबर आला याचा आनंद रसिकाला क्षणभर झाला. मग तिची नजर मधल्या मिटलेल्या भागाकडे गेली.

त्याला सरळ कडा नव्हत्या. त्याला खांदा होता.

४

एकदा दिसल्यावर ते न दिसणं अशक्य झालं. खाली घेर, वर निमुळती कंबर, मग खांदे, आणि सगळ्यात वर, शेंड्याच्या फांद्यांत, डोकं. जमिनीवर सावलीचा टिपूस नव्हता. फक्त पानांना कळत होतं की आपल्यासमोर कुणीतरी उभं आहे.

रसिकाने पुष्कळ कारणं काढून पाहिली. बुरशी. कीड. मातीतला चुना. प्रत्येक कारण तिने सकाळच्या उजेडात झाडाशी बसून तपासलं आणि एकेक करून सोडून दिलं. सकाळी झाड अगदी निरोगी असे, सगळी पानं उघडी. तेवढंच की मधल्या भागातले तुरे झडत होते. शेंग धरायच्या आतच फुलं खाली पडत. कडेच्या फुलांचंही फार काही खरं दिसेना. रोज सकाळी मातीत गुलाबी सडा पडलेला असे.

भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. इतक्या वर्षांनी एक झाड सापडतं, ते नेमकं आपल्या कपड्यांच्या दोरीखाली निघतं, आणि कुणीतरी त्याच्या उजेडात येऊन उभं राहतं.

“आई,” तिने भाकरी भाजता भाजता विचारलं, “मागचं ते झाड कुणी लावलं?”

“लावलं कुणी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे.” त्रिवेणीबाईंनी अंबाडीची चटणी वाटीत काढली. “तू दुपारची मागे जाते का?”

“नाही. जाळीतून बघते.”

“बघू पण नको,” त्या म्हणाल्या आणि लगेच, काही झालंच नाही अशा आवाजात, “चटणीला मीठ बघ जरा.”

त्या दुपारी रसिकाने पाहिलं, तेव्हा आकृतीचा एक हात वर झाला होता. कोपर बाहेर, पंजा कपाळाशी. उन्हात दूरचं बघायचं असलं की माणूस डोळ्यांवर हात धरतो, तसा. झाडाकडे बघणाऱ्याला असा हात धरावा लागत नाही.

ती घराकडे बघत होती. खिडकीकडे.

रसिकाच्या हातातली कढई ओट्यावर आपटली. पुढच्या खोलीतून त्रिवेणीबाईंचं घोरणं थांबलं, कूस बदलल्याचा आवाज आला, पुन्हा चालू झालं.

५

दोन दिवस रसिकाने खिडकीकडे पाठ करून भांडी विसळली. तिसऱ्या दिवशी कुसुमताईंचा मेसेज आला. शेंग धरली का? तिने जाऊन मोजलं. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेंड्याकडचे थोडे तुरे, बस. ते झडले की झालं.

ती ओट्याशी उभी राहिली आणि नीट विचार केला. जे काय आहे, ते रोज दुपारी उन्हात येऊन उभं राहतं. घराकडे बघतं. दार वाजवत नाही, हाक मारत नाही, काही मोडत नाही. एखादी बाई दुपारभर परक्या घरासमोर अशी उभी राहिली, तर तिला काय हवं असतं? रसिकाला ते उभं राहणं ओळखीचं वाटलं. उंबरठ्यावर, माप लवंडून झाल्यावर, सगळे गप्प असताना ती स्वतः तशीच उभी होती.

आणि तिला झाडासमोरून हलवायचंच असेल, तर दुसरं करणार तरी काय? हाकलायचं? रसिकाच्या आजोळी उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय कुणी नावसुद्धा विचारत नसे.

तिने स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं. वाटीत गुळाचा खडा ठेवला. मागच्या दाराची कडी आवाज न करता काढली. बाहेर ऊन, दोरीवर टॉवेल, भिंत, झाड. झाडावर मिटलेल्या पानांची ती उभी आकृती, हात अजून कपाळाशी.

आपण मूर्खपणा करतो आहोत, असं तिला स्पष्ट वाटलं. म्हणूनच बहुधा ते इतकं सहज जमलं.

“अहो, उन्हात का उभ्या राहता?” ती म्हणाली. “आत या. पाणी घ्या.”

काही झालं नाही. मग खालच्या फांदीवरची एक जोडी उघडली. तिच्या वरची. तिच्या वरची. घेर गेला, कंबर गेली, खांदे गेले. शेवटी कपाळाशी धरलेला हात पान पान करून उलगडला, आणि सगळं झाड उन्हात हिरवंगार, अखंड उघडं उभं राहिलं.

रसिका आनंदाने हसली. तिच्या खांद्याजवळून घरात थोडा गारवा गेला. स्वयंपाकघराचं दार उघडंच तर होतं.

“पाणी कुणाला काढलं?”

त्रिवेणीबाई आतल्या चौकटीत उभ्या होत्या. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप अजिबात नाही.

“झाडाला.”

“पेल्यात? गूळ घेऊन?”

त्रिवेणीबाईंनी उघड्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तोंडाने काही म्हणाली का तू?”

“नाही, आई.”

सासूबाईंनी पुढे होऊन दाराला कडी घातली. रसिका फारशी खोटं बोलत नसे, त्यामुळे तिचं खोटं ओळखायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती.

६

झाड नुसतं बहरलं. फुलं टिकली. सुईसारख्या बारीक, सरळ हिरव्या शेंगा खाली झुकून लोंबू लागल्या. रोज दुपारी रसिका जाळीतून बघायची आणि एकही पान मिटलेलं नसायचं. कुसुमताईंना तिने फोटो पाठवला, तर त्यांनी नुसती उद्गारचिन्हं पाठवली.

घरातही सगळे खूश होते. सूनबाई बोलायला लागल्या होत्या.

“आज सकाळी काय हसवलंस तू आईला!” सारंग एकदा म्हणाला. “फोटोवाल्याची नक्कल! तुला असं येतं हे माहीतच नव्हतं.”

“कधी?”

“मी बूट घालत होतो तेव्हा. आता लाजू नको.”

तेव्हा रसिका गच्चीवर पापड वाळत घालत होती.

दुसऱ्या दिवशी त्रिवेणीबाईंनी तिचं ताट वाढलंच नाही. “आत्ता तर जेवली ना तू माझ्यासोबत. पुन्हा भूक लागली?” आवाज कौतुकाचा होता. मग एका संध्याकाळी सारंगने बाजारातून लाल चुडा आणला. तिने मागितला म्हणे. लाल तिला कधीच आवडत नसे. चुडा तिच्या हाताला थोडा सैल झाला, आणि सारंग बुचकळ्यात पडला. “काल मापाला तूच तर मनगट दिलंस.”

रसिकाने त्यावर विचार केला नाही असं नाही. पण शेंगा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. या जातीच्या शेंगा पूर्ण वाळल्या की तडकतात आणि बी कुठल्या कुठे उडून जातं. तडकायच्या आधी, पण पिकल्यानंतर, असा एखादाच दिवस मिळतो. तो दिवस हुकला की मागून गवंडी होताच. बाकीचं मग बघू, तिने ठरवलं. आधी बी.

अधूनमधून पलंगावरची तिची बाजू, ती झोपायला जायच्या आधीच, दबलेली असे. तिने उशी थोडी सरकवून घेतली. नव्या घरात अ‍ॅडजस्ट करावं लागतं, हे तिला निघताना सगळ्यांनी सांगितलंच होतं.

७

तो दिवस संक्रांतीच्या जरा आधी उजाडला. सकाळी शेंगांवर दव होतं, ओल्या तोडून चालत नाहीत. दुपारी जेवणाआधी ती मागे गेली. त्रिवेणीबाई आत खट्टी दाळ फोडणीला टाकत होत्या. फोडणीचा चुरचुरीत आवाज, मोहरीचा वास. रसिकाच्या अंगावर पिवळा कुर्ता, नुकतेच धुतलेले केस पाठीवर मोकळे. कात्री घेऊन ती झाडाशी वाकली.

शेंगा खणखणीत वाळल्या होत्या. एकेक कापून ती डाव्या मुठीत घेत गेली. मुठीत त्या बारीक खुळखुळत होत्या. शेवटची कापली आणि तिला लग्नानंतर पहिल्यांदाच असं वाटलं, की हे एक काम आपण आपल्या मनाने धरलं आणि पार पाडलं.

मागे कडी लागल्याचा आवाज आला. आतून.

“आई! मी बाहेर आहे,” ती म्हणाली आणि खिडकीशी गेली.

जाळीतून टेबल दिसत होतं. त्रिवेणीबाई वाढत होत्या. तिच्या रोजच्या खुर्चीवर एक बाई बसली होती, पाठमोरी. पाठीवर ओले केस. पिवळा कुर्ता. हातात लाल चुडा, अगदी बरोबर मापाचा.

“आई!” रसिका ओरडली.

त्रिवेणीबाईंनी वर पाहिलं. थेट जाळीकडे. त्यांची नजर रसिकाच्या चेहऱ्यातून आरपार जाऊन झाडावर टेकली.

“कुणी हाक मारली का गं?”

“वारा असेल, आई.” आवाज रसिकाचाच होता, फक्त त्यात संकोच नव्हता. “बसा तुम्ही. आणि ऐका ना, शेंगा मिळाल्या मला. सारंगला सांगते, संक्रांतीची वाट कशाला बघायची? उद्याच काढून टाकू ते झाड.”

“चला, सुटलो एकदाचे,” त्रिवेणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रेमाने त्या बाईच्या मनगटावर हात ठेवला.

शेंगा रसिकाच्या मुठीत होत्या. तिने त्या पुन्हा एकदा चाचपून पाहिल्या. मग ती बाजूच्या बोळातून पुढच्या दाराकडे निघाली, बोळ संपेपर्यंत चालली, आणि समोर झाड होतं. ती पुन्हा वळली. पुन्हा झाड. डोक्यावर ऊन होतं, आणि तिच्या पायाखालच्या मातीत सावली नव्हती.

तिला सगळं कळलं असं नाही. एवढं मात्र कळलं, की आत जायला एक वाक्य लागतं, आणि या घरात ते वाक्य कुणी बोलत नाही. ते बोलणारी एकटी सून होती, आणि ती आता बाहेर उभी होती. उद्या झाडही जाईल. मग समोर उभं आहे हे कळायला एक पानसुद्धा उरणार नाही.

भिंतीपलीकडे आपाचा नळ थेंब थेंब गळत होता. तिथली माती बारा महिने ओली.

रसिकाने शेंगा तळहातांवर चोळल्या. तडतड करून त्या फुटल्या. तांबूस, चौकोनी, खसखशीपेक्षा थोडं मोठं बी. कुसुमताईंसाठी म्हणून तिने त्यातलं एकही मागे ठेवलं नाही. टाचा उंचावून तिने सगळं बी भिंतीवरून पलीकडे, नळाखालच्या ओल्या मातीत टाकलं. बारीक सरीसारखा आवाज आला, आणि थांबला.

उगवायला वेळ लागेल. दुपारी मिटण्याएवढी पानं यायला त्याहून जास्त. चालेल. शाहीन आपा कुणाला उन्हात उभं ठेवणाऱ्यातली नव्हती. तिला एकदा दिसायचा अवकाश.

तिने ओढणी डोक्यावर घेतली, हात कपाळाशी धरला आणि भिंतीपलीकडे नजर लावून उभी राहिली. झाडाच्या कडेच्या फांद्या उन्हात सळसळत होत्या. तिच्यासमोरची पानं मात्र, एकेक जोडी करत, मिटत गेली.